एक काना

पाकीट सेंट जॉन्सहून आलं, बुधवारच्या बोटीनं,
बटाट्यांच्या पोत्यावर पडून, एका कोपऱ्यात ओलं.
तीन दिवस मी ते फडताळात ठेवलं,
बेकअ‍ॅपलच्या जॅममागे.
तिथे आई हात घालत नाही,
तो जॅम बाबांच्या आवडीचा.

आमच्या खाडीत बहिरेपणाला ज्याचं त्याचं कारण होतं.
मार्टिनकाका : सीलच्या शिकारीत बंदूक कानाजवळ फुटली.
फॅरेलांचा धाकटा : गोवर.
डेलियाआत्या सांगायची, नवरा फार बोलायचा,
शेवटी देवानंच दार लोटून घेतलं,
आणि सगळ्यांआधी स्वतःच हसायची.
बोटीचं इंजिन तर अर्ध्या गावाचं कारण.

गसचं कारण आई.

नऊ वर्षांचा होता. बर्फाच्या तरंगत्या लाद्यांवरून
उड्या मारत पार खाडीच्या तोंडापर्यंत गेला.
हाका मारमारून आईचा घसा बसला.
परत आला तेव्हा हसत होता.
तिनं एक ठेवून दिली,
उजव्या हातानं, डाव्या कानशिलात.
एकच.
त्याच वर्षी शाळेतून चिठ्ठी : मुलगा लक्ष देत नाही.

आईनं कानाला खडा लावला.
मला कधी बोटही लावलं नाही,
माझे गुन्हे कितीतरी मोठे होते.
चव्वेचाळीस वर्षं, दर शनिवारी,
कबुलीच्या जाळीपाशी तीच एक कानशिलात.
फादर पाच बदलले.

गेल्या उन्हाळ्यात ती मुलगी आली, नॉसवर्दी आडनावाची,
रबरी बूट, पाठीवर रक्ताच्या नळ्यांची पेटी.
आमच्या टेबलावर पुरुषांचे चौकोन काढले, बायकांची वर्तुळं,
बहिऱ्यांमध्ये शाई भरली.
खेळ अर्धा टाकून कुणी उठून गेलेल्या
सोंगट्यांच्या पटासारखं दिसू लागलं आमचं कुळ.
सगळ्यात वर, एकाच गलबतातून उतरलेले दोन भाऊ.
गसनं कागद उलटा फिरवला आणि हातांनी म्हणाला :
झाड असेल तर मुळं खाली पाहिजेत.

चौथ्या दिवशी पाकीट उघडलं.
एवढ्या लांबलचक मजकुरात एक अक्षर चुकलेलं,
लिहिताना एक काना राहून जावा तसं.
मग नकलेवर नक्कल, प्रत्येक इमानानं चुकीची.
गसकडे दोन्ही प्रती चुकलेल्या.
माझी एक शुद्ध, एक चुकलेली.
माझ्या मुलीचं पाकीट अजून मी मागवलेलं नाही.

आई पावाचं पीठ मळत होती.
म्हटलं, तुझ्या हातानं नाही झालं ते.
आधीच सुरू झालं होतं.
त्या दिवशी त्याला तुझ्या हाका ऐकूच आल्या नसणार.

हे शेवटचं बोलायला नको होतं.

तिचा हात पिठात तसाच.
"म्हणजे मी त्याला मारलं," ती म्हणाली,
"ते न ऐकल्याबद्दल."

बराच वेळ फक्त किटली.

"मग आलं कुठून?"
अर्धं तुझ्याकडून. अर्धं बाबांकडून.

बाबा बुडाले त्याला एकतीस वर्षं झाली.
सापडला तो एक हातमोजा.
"अँब्रोजकडून?" तिनं विचारलं,
जसं कुणी विचारावं, पत्र आलंय?
चष्मा मागितला. अक्षर कुठे ते दाखव म्हणाली.
मी बोट ठेवलं.
तिथे तिनं आपलं पिठाळ बोट ठेवलं
आणि उचललं नाही.

गस शेडमधून आला, रंगाचा वास घेऊन.
आमचे चेहरे पाहून हातांनी : कोण गेलं?
आईला खुणा धड येत नाहीत,
शिकायला बसली की तिला रडू यायचं.
तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला,
मग खिडकीतून समुद्र दाखवला,
मग त्याला.
मग तो हात वर गेला, त्याच्या डाव्या कानाकडे.
गस हलला नाही.
कानाच्या पाळीला पीठ लागलं.

पाव त्या दिवशी फुगलाच नाही.
आईनं फडताळात आत हात घालून बाबांचा जॅम काढला.
गसनं एक घास खाल्ला
आणि दोन्ही हातांनी, सावकाश,
आईला कळेल असं सांगितलं :
मीठ विसरलीस.